पाठीमागच्या चुका

आमच्या धंद्यात चुका वजनावर मिळतात. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'पाव किलो चुका द्या' म्हणालो की दुकानदार हसत नाही, मुकाट्यानं पुडी बांधून देतो. चूक म्हणजे बारीक खिळा, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. फ्रेमच्या मागं जो हार्डबोर्ड बसवतात, तो जागेवर धरून ठेवायला ह्या चुका मारायच्या असतात. माझे वडीलही फोटोफ्रेमचंच काम करायचे. दुकानात बसवलं त्या दिवशी त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, "महादू, चुका पाठीमागनं मारायच्या. म्होरनं दिसल्या न्हाई पायजेत." चाळीस वर्षं मी ते पाळत आलो. या अंकाच्या संपादकांनी अनुभव लिहा म्हणून तीनदा निरोप पाठवला, तेव्हा म्हटलं, एकदा तरी आपल्या हातची चूक समोरून दाखवावी.

अंबाजोगाईच्या बाजारात आमचं दुकान आहे. अर्ध्या दुकानात मी फ्रेमा करतो आणि उरलेल्या अर्ध्यात माझा धाकटा भाऊ रबरी शिक्के बनवतो. मुख्याध्यापक, सरपंच, चेअरमन, सगळ्यांच्या पदव्या त्याच्या टेबलावर उलट्या अक्षरांत पडलेल्या असतात. माझ्याकडे गिऱ्हाईक तीन कारणांनी येतं: देव, गेलेलं माणूस किंवा सत्कार. देवाला सोनेरी पट्टी, सत्काराला चॉकलेटी आणि गेलेल्या माणसाला काळी, वर चंदनाचा हार लावायला दोन आकडे. म्हणून कुणी माणसाचा फोटो घेऊन आलं की पहिला प्रश्न मी ठरलेला विचारतो, "माणूस हाय का गेला?" विचारायला वाईट वाटतं, पण विचारल्याशिवाय पट्टी कशी काढणार? एकदा एका पाव्हण्याला असंच विचारलं, तर त्याच्या मागं उभा असलेला म्हातारा पुढं झाला आणि म्हणाला, "अजून हाय की. तुमाला दिसंना व्हय?" फोटो त्याचाच होता. त्याला मी माझ्या मर्जीनं सोनेरी पट्टी लावून दिली.

लोकांना वाटतं, चार पट्ट्या जोडल्या की झाली फ्रेम. पट्टी कापण्यात आयुष्य जातं. चारही कोपरे असे मिळायला हवेत की मधून केसही जाऊ नये. एका कोपऱ्यात जरा कमी-जास्त झालं की ते चौथ्या कोपऱ्यात फट होऊन बाहेर येतं. मग काच, मग चित्र, मागं बोर्ड आणि बोर्डाला चुका. चित्र फ्रेमपेक्षा थोडं लहान असलं तर ते आत हलतं. ते हलू नये म्हणून कडेनं कागदाच्या घड्या कोंबतात. त्यासाठी बाजारातून काही आणावं लागत नाही. चित्रांच्या पांढऱ्या कडा छाटल्या की पट्ट्या निघतात, त्या टेबलाखालच्या खोक्यात पडतात आणि लागतील तशा कोंबल्या जातात. म्हणजे एका घरच्या लग्नाची कड दुसऱ्या घरच्या शंकर-पार्वतीच्या मागं जाऊन बसते. कुणाला पत्ता नसतो, आणि आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

कडा छाटायची मला खोड आहे, हे मी आधीच कबूल करतो. चित्राच्या भोवती पांढरा कागद दिसला की माझा हात आपोआप पोलादी पट्टीकडं जातो. चित्र कसं काठोकाठ पाहिजे, असं माझं मत होतं. मत कसलं, हट्टच म्हणा.

गेल्या वर्षी डिसेंबर अर्धा सरला आणि रत्नमाला सिस्टर दुकानात आल्या. इथल्या मोठ्या दवाखान्यात त्यांनी उभी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर इथंच घर केलं. माझ्या दोन्ही मुली त्यांच्याच हातावर जन्मलेल्या, त्यामुळं आमच्या घरात त्यांचा शब्द डॉक्टरांच्या वरचा. माहेर आष्टी तालुक्यातल्या एका खेड्यातलं. वडील यशवंत मास्तर तिथंच शाळेवर होते. ख्रिस्ती घर, शिस्तीचं घर. सिस्टरांच्या हातात जुन्या साडीत गुंडाळलेलं एक चित्र होतं. फ्रेमला वाळवी लागून ती भुसा झाली होती, म्हणून चित्र त्यांनी घरीच काढून घेतलं होतं.

काळ्या शाईतलं, बारीक बारीक रेघांचं चित्र. जवळून बघावं तर नुसत्या रेघा आणि जरा लांब धरावं तर माणसं. कागद जाड होता. चित्राच्या चारही बाजूंनी कागद चौकोनात दबलेला होता, ते अंगठ्याला कळत होतं. मी असं काही हाताळलं नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, हे हॉलंडमधलं आहे, तीनशे वर्षांच्या वरचं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. हॉलंडच्या एक डॉक्टरीणबाई त्यांच्या गावाकडं दवाखाना चालवायच्या, त्यांना मास्तरांनी मराठी शिकवलं होतं. परत जाताना बाईंनी मास्तरांना हे देऊन टाकलं.

चित्रात एका मोठ्या घराच्या पायरीवर फाटक्या कपड्यांतलं पोरगं गुडघे टेकून बसलंय आणि दाढीवाला म्हातारा वाकून त्याला उठवतोय. सिस्टरांनी गोष्ट सांगितली. बायबलातली आहे. धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन घर सोडून जातो, सगळं उधळतो, उपाशी मरायची वेळ आली तेव्हा परत येतो. बाप त्याला लांबूनच बघतो आणि पळत सुटतो. काही विचारत नाही. अंगठी आणा, कपडे आणा, जेवण करा म्हणतो. मागच्या बाजूला एक गडी वासराला धरून आणत होता. मला वाटलं, वासराला सजवून ओवाळणार असतील. मी विचारलं, "सिस्टर, त्यांच्याकडंबी पोळा असतो व्हय?"

सिस्टर हसल्या. म्हणाल्या, "सण असतो अप्पा, पण वासराला तो मानवत नाही." मी लिंगायत वाणी, माझ्या गल्ल्यावर नंदी बसलेला. जेवण करा म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. 

जाताना त्यांनी सांगितलं की चित्राला खाली पाण्याचे डाग पडलेत, ते फार दिसू देऊ नका, बाकी कडेसकट जसंच्या तसं राहू द्या. पंचवीस तारखेच्या आत पाहिजे. मी मान डोलावली. पण त्यातलं 'डाग दिसू देऊ नका' एवढंच माझ्या कानात राहिलं.

दुसऱ्या दिवशी चार कामं एका बैठकीत उरकली. सिस्टरांचं चित्र पहिलं घेतलं. चित्राखाली हातभर नाही, पण चांगली दोन बोटं कड होती. तिच्यावर परक्या भाषेतल्या दोन ओळी, त्याखाली डाग आणि डागात पेन्सिलीनं लिहिलेलं काही तरी पुसट. माझा चष्मा घरी राहिला होता. आता हे समजून घ्या की फ्रेमवाला ज्या चित्राला हात लावतो, त्याच्या कडेवर पेन्सिलीनं माप लिहितो. मी लिहितो, वडील लिहायचे, सगळेच लिहितात. त्यामुळं पेन्सिल दिसली की मला वाटलं, जुन्या फ्रेमवाल्याचं माप आहे. पोलादी पट्टी ठेवली आणि एका रेघेत कड उतरवली. चित्र काठोकाठ बसलं. डाग गेला. सोनेरी पट्टीत ते असं काही उठून दिसलं की मी भावाला शिक्क्यांवरून उठवून आणून दाखवलं.

सिस्टर तीन दिवसांनी आल्या. मी चित्र त्यांच्यासमोर उभं केलं आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. त्या चित्राकडं बघेनात, चित्राच्या खाली बघत होत्या.

"अप्पा, खालचं कुठंय?"

मी म्हणालो, डाग होता तो काढून टाकला.

"डागाचं नाही विचारत. पेन्सिलीनं लिहिलेलं होतं ते?"

ते कुणाचं तरी माप होतं, असं मी सांगितलं, आणि सांगताना थोडा तोराही दाखवला. सिस्टर स्टुलावर बसल्या. आयुष्यभर रक्त बघितलेली बाई, पण तिचा चेहरा उतरला. मग त्यांनी जे सांगितलं, ते त्या दिवसापर्यंत त्यांनी या गावात कुणाला सांगितलेलं नव्हतं. आता त्यांच्याच परवानगीनं लिहितोय.

त्यांचा धाकटा भाऊ दिनकर जन्मापासून डावरा. मास्तरांना ते खपायचं नाही. मास्तरांचा पोरगा डाव्या हातानं लिहितो, डाव्या हातानं जेवतो, हे लोकांनी बघायचं म्हणजे काय? शाळेत पहिलीच्या वर्गात त्यांनी त्याचा डावा हात रुमालानं कमरेला बांधून ठेवला होता. पोरगं उजव्यानं लिहायला शिकलं, पण घाईत असलं की डावा हात पुढं यायचा. बावीस वर्षांचा झाला, तेव्हाची गोष्ट. नाताळचं जेवण होतं, त्याला बघायला आलेले पाव्हणे पंगतीत बसले होते. बोलण्याच्या नादात दिनकरनं डाव्या हातानं घास उचलला आणि मास्तरांनी सगळ्यांसमोर त्याच्या हातावर फटका मारला. घास ताटात पडला. दिनकर अर्ध्या ताटावरून उठला, हात धुतला आणि घर सोडून गेला. सोलापूरला राहिला. तिथंच काम धरलं, तिथंच लग्न केलं. गावाहून काय, अंबाजोगाईहून काय, सोलापूर काही लांब नाही, सकाळच्या गाडीनं गेलं तर दुपारी जेवायला पोचतं माणूस. पण तीस वर्षं तो परत आला नाही. मास्तर वारले तेव्हा मातीलाही आला नाही. बहिणीशी फोनवर बोलायचा, तेवढंच.

आता ही फ्रेम वाळवीनं खाल्ली म्हणून सिस्टरांनी चित्र बाहेर काढलं, तेव्हा इतकी वर्षं फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेली कड पहिल्यांदा दिसली. तिच्यावर मास्तरांच्या हातचं लिहिलेलं होतं. सिस्टरांना ते पाठ होतं. "या चित्रातले सगळे डावरे आहेत. दिनकरला सांगायचे."

त्या म्हणाल्या, "सांगायचे लिहिलं अप्पा, पण सांगितलं नाही."

त्यांनी लगेच भावाला फोन केला होता. त्याला पटलं नाही. फोटो काढून पाठवला, पण पेन्सिल इतकी पुसट की फोटोत नुसता तपकिरी डाग आला. तो म्हणाला, मला घरी आणायचं म्हणून तू हे रचून सांगतेस. सिस्टर अडून बसल्या, तेव्हा शेवटी म्हणाला, नाताळला येतो, अक्षर बघायला येतो, दादांचं, म्हणजे वडलांचं, अक्षर मी ओळखतो. तो यायला चार दिवस राहिले होते आणि ते अक्षर मी छाटून टाकलं होतं.

मी चित्र हातात घेतलं, चष्मा लावला आणि आधी खरं-खोटं बघितलं. म्हातारा पोराला उठवतोय तो डाव्या हातानं. चाकरानं अंगठी पुढं केलीय ती डाव्या हातानं. वासरूवाल्याच्या खांद्यावरची कुऱ्हाड डाव्या हातात. वरच्या खिडकीत एक जण सारंगीसारखं काही वाजवतोय, त्याचाही गज डाव्या हातात. एकही माणूस उजवा नव्हता. तीन दिवस ते चित्र माझ्या भिंतीला होतं आणि मला दिसलं नव्हतं.

खोकं उलटं केलं. पट्ट्या निघाल्या, ती निघाली नाही. म्हणजे ती कोंबली गेली होती. त्या दिवशीच्या उरलेल्या तीन कामांपैकी एक सत्काराचं मानपत्र अजून दुकानातच होतं. ते उघडलं, त्यात नव्हती. बाकीची दोन्ही केज तालुक्यात गेली होती. एक केजच्या किराणा दुकानदाराचे शंकर-पार्वती आणि दुसरा जवळच्या गावातल्या राजाभाऊंच्या वडिलांचा फोटो, काळ्या पट्टीतला. सिस्टरांना म्हटलं, तुम्ही घरी जा, मी आणतो. आणतो म्हणायला तोंड होतं, पण पट्टी कुठल्या घरात जाऊन बसलीय, ते मलाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत पक्कड, हातोडी आणि चुकांची पुडी टाकून जीपनं केज गाठलं. किराणावाले आमच्याच नात्यातले. देवाची तसबीर खाली उतरवायची म्हटल्यावर त्यांनी आधी उदबत्ती लावली. मग मी मागं उघडलं. आत कुणाच्या तरी लग्नाची कड होती, हिरव्या मांडवाचा तुकडा. ते बघून ते म्हणाले, आमच्या देवामागं हे कुणाचं लग्न लावलंस?  चुका परत मारल्या, नमस्कार केला आणि निघालो.

राजाभाऊंच्या गावात उतरलो तर वाड्यापुढं मोटारींची रांग आणि मांडव. फोटो मी चार दिवसांपूर्वी घाईनं करून दिला होता, तो तेराव्यासाठी होता हे मी विसरून गेलो होतो. आज तेरावं. राजाभाऊ म्हणजे तालुक्यातलं वजनदार नाव, दारात पांढऱ्या कपड्यांतली शंभर माणसं. समोर पाटावर फोटो, त्याला हार, पुढं समई. मी पिशवीतली हातोडी सांभाळत कडेला उभा राहिलो.

राजाभाऊंनी मला बघितलं. वाटलं असेल, फ्रेमवाला अप्पा दुःखात सामील व्हायला आला. जवळ येऊन म्हणाले, बसा अप्पा, जेवूनच जावा. मी त्यांना कडेला घेतलं आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, लपवण्यासारखं उरलंच नव्हतं. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तुमी म्हणता काय अप्पा? आज तेराव्याला अण्णांचा फोटू खाली काढून उचकायचा? भावकी काय म्हणंल?"

मी म्हणालो, मी थांबतो, सगळं आटोपल्यावर उघडू. तर ते म्हणाले, आटोपल्यावरही नाही, एकदा हार घातलेला फोटो वर्षभर हलवायचा नसतो. एव्हाना दोन-चार माणसं भोवती जमली होती. एकानं विचारलं, "कावून आलाय रं ह्यो, कशापायी?" त्याला दुसऱ्यानं सांगितलं, फोटोत काहीतरी चूक राहिलीय म्हणतो. खिळ्याची का अकलेची, हे त्याला माहीत नव्हतं, मला माहीत होतं.

हे सगळं आतल्या सोप्यात राजाभाऊंच्या आईच्या कानावर गेलं. ज्यांचा फोटो होता, त्यांची ही बायको. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला आत बोलावलं, खाली बसवलं आणि परत एकदा सगळं सांगायला लावलं. मास्तरांनी रुमालानं हात बांधला होता, ते तिनं दोनदा विचारून घेतलं. मग लेकाकडं बघून म्हणाली, "काढ रं त्यो फोटू. तुझा बाप आता कुठं पळून चाललाय? त्या लेकराचा कागद हाय त्याच्यात, दिऊन टाक."

 राजाभाऊंनी स्वतःच्या हातानं हार उतरवला. मी मांडी घालून बसलो, फोटो मांडीवर पालथा घेतला आणि पक्कडीनं एकेक चूक उपटायला लागलो. इतकी माणसं माझ्या पाठीमागच्या कामाकडं कधीच बघत नव्हती. बोर्ड निघाला. उजव्या कडेला चार पदरी घडी करून कोंबलेली पट्टी होती. उलगडली. परक्या भाषेतल्या दोन ओळी, डाग आणि डागात पेन्सिल.

राजाभाऊंनी ती माझ्या हातातून घेतली, उन्हाकडं धरून मोठ्यानं वाचली आणि परत दिली. मघाशी 'कावून आलाय' म्हणणारा माणूस माझ्या चुका एकेक करून गोळा करून द्यायला लागला. फोटो मी पुन्हा बंद केला, आणि या वेळेस घडीसाठी दुकानातून आणलेला कोरा कागद घातला. म्हातारीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही.

दुकानात परत आलो ते हवेतच. दुपारची वेळ, भाऊ शिक्के कापत बसलेला. मी पट्टी ओल्या फडक्याखाली ठेवून सरळ केली. घड्या पुरत्या गेल्या नाहीत. मग चित्राला ती जोडायची कशी, ते बघत बसलो. चिकटवून सांधा बुजवता आला असता. पण मी ठरवलं, बुजवायचा नाही. जाड पुठ्ठ्याला दोन खिडक्या कापल्या, वरच्या मोठ्या खिडकीत चित्र आणि खालच्या बारीक खिडकीत पट्टी. मी कापलंय ते समोरून दिसू दे.

मापं घेता घेता सहज नजर भावाच्या टेबलावर गेली. तिथं एका मुख्याध्यापकाचा शिक्का पडला होता, अक्षरं उलटी. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे चित्रही पत्र्यावर कोरून छापलेलं. कोरणाऱ्यानं पत्र्यावर कोरली असणार ती चांगली उजव्या हाताचीच माणसं. कागदावर छाप पडली की डावं उजवीकडं, उजवं डावीकडं. शिक्क्याचं जे होतं, तेच. म्हणजे चित्रातलं कुणीही डावरं नव्हतं. मास्तरांना ते कळलं नव्हतं. त्यांनी आपलं बघितलं, मोजलं आणि लिहून ठेवलं.

हे सिस्टरांना सांगावं का? मी दोन दिवस तोंड शिवून बसलो. फ्रेम द्यायला गेलो तेव्हा त्यांनी खालच्या खिडकीवर हात ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. अशा माणसाला काय सांगणार? मी फक्त विचारलं, दिनकरराव सोलापूरला करतात काय? त्या म्हणाल्या, छापखान्यात आहे, तीस वर्षं झाली, लग्नपत्रिका छापतो.

 जो माणूस तीस वर्षं उलटी अक्षरं सुलटी करतोय, त्याच्यापुढं हे चित्र ठेवायचं. त्याला एका नजरेत कळणार की दादांनी लिहिलेलं चुकीचं आहे. अक्षर खरं, पण मजकूर खोटा. ज्या अक्षरासाठी मी तेराव्याचा फोटो उचकला, तेच वाचून हा माणूस परत सोलापूरची गाडी धरणार.

नाताळला सिस्टरांनी मला जेवायला बोलावलं होतं. माझ्यासाठी वेगळ्या भांड्यांत पुरी, भाजी आणि करंज्या. नको म्हणण्याची सोय नव्हती, आणि खरं सांगतो, बघितल्याशिवाय मला राहवलंही नसतं. दिनकर बाराच्या सुमारास बायकोला घेऊन आला. पन्नाशी ओलांडलेला, पिकलेल्या केसांचा, जाड भिंगांचा माणूस. दारात बहिणीला बघून थबकला. सिस्टर पायरी उतरून खाली गेल्या आणि त्याची पिशवी घेतली.

आत आल्यावर तो बसला नाही. सरळ भिंतीपाशी गेला. चष्मा कपाळावर ढकलला, काचेला नाक लागेल इतका जवळ गेला आणि खालच्या खिडकीतलं वाचलं. परत वाचलं. काचेवरून 'दिनकरला' या अक्षरांवर अंगठा फिरवला. म्हणाला, "दादांचंच हाय. त्यांचा 'र' असाच असायचा." सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी तिथंच चौकट धरली.

मग त्यानं चष्मा खाली घेतला आणि वरचं चित्र बघायला लागला. म्हातारा, अंगठी, कुऱ्हाड, सारंगी. बराच वेळ बघितलं. मी हातातल्या पाण्याच्या पेल्याकडं बघत राहिलो. त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं, तसं मला कळलं की त्याला कळलं.

तो माझ्याकडं आला. हळूच विचारलं, ही फ्रेम तुम्हीच केली का, आणि खालची पट्टी कुणी कापली. मी म्हणालो, केली मीच आणि कापलीही मीच, चूक माझी आहे. त्यानं मान हलवली, त्याला पट्टीचं विचारायचं नव्हतं.

"अप्पा, ताईनं सांगितलं तुमच्या दुकानात शिक्के करतात म्हणून. म्हंजे तुमच्या ध्यानात आलं असंल."

"आलं," मी म्हणालो.

"छापलं की सगळंच उलटं पडतंय. दादांना हे कुणी सांगितलं नसंल."

"न्हाई. आणि मीबी कुणाला बोललो न्हाई."

तो परत भिंतीकडं बघत उभा राहिला. मग म्हणाला, "बरं झालं कुणी सांगितलं न्हाई त्यांना."

सिस्टरांनी हाक मारली. ताटं मांडली होती. दिनकर बसला आणि सवयीनं उजवा हात पुढं आला, पुरीपर्यंत गेला आणि थांबला. त्यानं तो मांडीवर ठेवला. मग डाव्या हातानं पुरी मोडली, भाजीला लावली आणि खायला लागला.  सिस्टर त्याच्याकडं बघायचं टाळून मलाच वाढत होत्या, माझ्या ताटात करंज्यांचा ढीग झाला. ताट साफ झालं, तेव्हा दिनकरनं ते डाव्या हातानं पुढं केलं आणि म्हणाला, "ताई, अजून थोडं वाढ."